स्थिर पत्ता

२ सप्टेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस पार पडला. जिन्यातूनच लेकीला ओरडून सांगितलं, मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली! ती म्हणाली, आई, तू नोकरीला लागलीस की पहिलीत? वय चौदा, पण टोमणे एखाद्या आत्याबाईसारखे.

गाव आवडायला लागलं आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, दोनच खोल्या. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावतं, दुसऱ्याने दारात उभं राहून गप्पा मारायच्या. आम्हा दोघींना तेवढं पुष्कळ. दाराला बाहेरून कडी नाही. घर बघायला आले तेव्हा मी सगळ्यात आधी तेच पाहिलं, नळाला पाणी येतं का ते नंतर विचारलं. मालकीणबाई जरा चमकल्याच.

काम सोपं आहे. दोन कंपन्या होत्या. एकीकडे लोकांचे फोन, निरोप, फोटो. दुसरीकडे घरपोच सामान, दवाखान्याच्या वेळा, बसची तिकिटं. उन्हाळ्यात दोघी एक झाल्या. ऑफिसात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतात. आता दोघींच्या ग्राहकांच्या याद्या एक करायच्या आहेत. माझ्या पडद्यावर डावीकडे थोरलीचा ग्राहक येतो, उजवीकडे धाकटीचा. माणूस एकच वाटला तर ‘एकच’ दाबायचं, नाहीतर ‘वेगळे’. यंत्राला जे ठरवता येत नाही तेवढंच आमच्याकडे येतं.

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना सगळा मजला मावशी म्हणतो. त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत. मी काय म्हणू, विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हीपण मावशीच म्हणा, आता माझा नवरासुद्धा तेच म्हणतो.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, मनातलं फोनमध्ये ठेवू नकोस, कधी कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. या वयात हे तिला कळावं याचं वाईट वाटलं. पण खरं आहे.

४ सप्टेंबर, बुधवार

दुपारी दोन तास तक्रारी वाचायच्या असतात. दोघी एक झाल्यापासून सगळंच संथ झालं आहे. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं, त्याला इथे भोवरा म्हणतात. भोवरा लागला की पाय पसरून बसायचं.

लोक काय काय लिहितात! एका शिक्षिकेने रागाच्या भरात नवऱ्याला निरोप पाठवला, तो पोचला चार दिवसांनी. तोवर समेट होऊन गेला होता, आता पुन्हा अबोला. तिने विचारलंय, लग्न तुम्ही दोघींनी केलंत, संसार माझा का मोडता? घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी लिहिलंय, उशीर म्हणजे काय ते मला शिकवू नका. एका बाईंचं पत्र मात्र मनात राहिलं. आधी दोन दुकानं होती, त्या म्हणतात, एकाने तोंड फिरवलं तर दुसऱ्याकडे जाता यायचं. आता मी जायचं कुठे?

सगळ्यांना उत्तर ठरलेलं : विलीनीकरणामुळे सेवा संथ आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

काही तक्रारी वेगळ्याच. एका ट्रकचालकाचं खातं चुकून त्याच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाशी जोडलं गेलं. आधी त्या माणसाचे फोटो आले. मग त्याचं गुडघ्याचं दुखणं आलं, असं तो लिहितो. मावशींनी ते ‘इतर’मध्ये टाकलं. ‘इतर’मध्ये किती आहेत विचारलं, तर म्हणाल्या, तीन हजारांवर असतील, जगात टवाळखोर कमी आहेत का?

९ सप्टेंबर, सोमवार

आज गंमत झाली. पडद्यावर मीच आले.

डावीकडे मी : नाव, लग्नातलं आडनाव (ते बदलायचं राहूनच गेलं), जन्म ४ जुलै, इथला पत्ता. उजवीकडे तेच नाव, तेच आडनाव, पत्ता जुन्या घराचा. जन्मतारखेपुढे ७/४. थोरली तारखेत दिवस आधी लिहिते, धाकटी महिना. त्यामुळे ४/७ आणि ७/४ दिसले की फार डोकं चालवायचं नाही, ‘एकच’ दाबायचं, असं पहिल्याच दिवशी शिकवलं आहे. जुन्या घरात असताना मी सामान धाकटीकडूनच मागवायचे. म्हणजे हे माझंच जुनं खातं.

तो पत्ता माझ्या नवऱ्याच्या घराचा. त्याने मला मारलं कधीच नाही. सकाळी कामावर जाताना वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी घालायचा, इतकंच. म्हणायचा, तू विसरभोळी आहेस, दार उघडं टाकून जाशील. नऊ वर्षं. लेक शाळेतून आली की दाराच्या पलीकडे बसून गृहपाठ करायची, मी अलीकडून पाढे विचारायचे. कडीला त्याने लहानसं कुलूप लावलेलं असायचं. चार वर्षांपूर्वी एकदा तो कुलूप लावायला विसरला, आणि दहा वर्षांच्या पोरीने कडी काढली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. नंतर माझ्या भावाला त्याने फोनवर सांगितलं होतं, बायको गेली तर गेली, मुलगी एकदा परत आली की मग कुठेही जाणार नाही.

म्हटलं, ते घर आज एकदाचं पुसून टाकू. ‘एकच’ दाबलं. दाबताना बरं वाटलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

फोनमध्ये नवा फोटो आला आहे. जुन्या घरातला ओटा, खिडकीचे गज, आणि एका बाईचा हात. हात माझा नाही. तारीख मागच्या आठवड्याची.

त्याने दुसरं लग्न केल्याचं भावाकडून कळलं होतं. नाव मी विचारलं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज ते खातं उघडून पाहिलं. परवाच कणीक आणि साबण मागवला आहे. दवाखान्याची वेळ घेतलेली, मग रद्द केलेली. परत घेतलेली, परत रद्द केलेली. दवाखान्याच्या नोंदीत जन्म अक्षरात लिहिलेला : ७ एप्रिल. धाकटीकडे तिने दिवस आधी, महिना नंतर भरला होता; तिच्यासाठी ते बरोबरच होतं.

त्याच्या दुसऱ्या बायकोचं नाव माझंच आहे. मावशींना सांगितलं तर त्या आधी हसल्या. म्हणाल्या, घ्या, बाप्याने नवी हाक शिकायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत! मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्यापुढे सरकवलं.

म्हणजे मी स्वतःला तिच्याशी जोडलं आहे. वेगळं करायचा अर्ज लगेच भरला. भोवरा फिरतो आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार

मनगटावर निळा डाग उठला आहे. कशाला धडकल्याचं आठवत नाही. लेक म्हणाली, आई, बोटांसारखा दिसतो.

आज भाजीत मीठ घालताना हात आपोआप डावीकडच्या फळीकडे गेला. आमच्याकडे डावीकडे फळीच नाही. त्या घरातही माझं मीठ उजवीकडे असायचं.

तिने जागा बदलली असेल. मला ते कसं माहीत?

१८ सप्टेंबर, बुधवार

अर्ज परत आला. नामंजूर. कारण : वेगळं होण्यासाठी दुसऱ्या खातेदाराची संमती लागते, आपल्या नोंदीनुसार दुसरं कुणी नाही, दोन्ही आपणच आहात.

आमच्या विभागप्रमुखांना सगळे हेडमास्तर म्हणतात, हात मागे बांधून रांगांमधून फिरतात म्हणून. त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, ताई, जोडलेलं खातं तोडायला इथे बटणच दिलेलं नाही. मी विचारलं, दोनपैकी पत्ता कुठला राहणार? त्यांना वाटलं, मी काम शिकते आहे. खुशीत येऊन समजावून सांगितलं : लोक चार ठिकाणी हिंडतात, त्यामुळे यंत्र बघतं की फोन कुठे जास्तीत जास्त वेळ थांबतो. जो जागचा हलत नाही, त्याचा पत्ता खरा. त्याला स्थिर पत्ता म्हणतात.

माझा फोन ऑफिस, बाजार, शाळा, बसथांबा असा दिवसभर फिरतो.

तिचा हलतच नाही. तिला बाहेर कोण सोडतंय?

लगेच होईल का, विचारलं. ते हसून म्हणाले, सध्याच्या वेगाने? हळूहळू होईल. पण होईल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मावशींनी चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या, पुन्हा विचारलं, पुन्हा पाहत राहिल्या. मग एकदम दचकून म्हणाल्या, अहो, दोनदा कशाला सांगता, ऐकू येतं मला. मी मघाशीच बोलले होते. माझं बोलणं त्यांना उशिरा पोचलं.

दुपारी स्वच्छतागृहाचं दार ढकललं आणि पाय मागच्या खोलीत पडला. तीच फरशी. कोपऱ्यातली तीच ओल. गजांची सावली भिंतीवर. पापणी लवायच्या आत पुन्हा ऑफिस.

मी वेडी नाही. मी आज ‘इतर’मधल्या सगळ्या तक्रारी वाचायला घेतल्या. लोक हेच लिहितात. आधी फोटो, मग सवयी, मग दुखणी, मग दारं. त्यातल्या जुन्या तक्रारदारांनी नंतर एकही ओळ लिहिलेली नाही. मला वाटायचं, त्यांचं काम झालं.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज तीनदा गेले. एकदा बसमध्ये चढताना, एकदा लिफ्टमध्ये, एकदा घराच्या उंबऱ्यावर. शेवटचं जवळजवळ दहा मिनिटं. खोली रिकामी होती. ती नव्हती. तिचा कंगवा होता, त्यात अडकलेले केस होते, आणि कपाटावर उंच तिचा फोन वायरला लावलेला. नवरा दिवसभर बाहेरून त्यातून ऐकत असतो, म्हणून फोन खाली काढायचा नाही. हे मला कुणी सांगितलं नाही. हे तिला माहीत आहे.

मला तिची भीती वाटत नाही. मी निघाले तेव्हा ती खोली रिकामी राहिली, आणि रिकामी जागा कुणीतरी भरणारच होतं, एवढाच तिचा अपराध. मी चार वर्षांत एकदाही तिचा विचार केला नाही.

लेकीला समोर बसवून सांगितलं. सगळं नाही, झेपेल तेवढं. माझ्या नावाने लिहिलेला कुठलाही निरोप आला तरी खरा मानायचा नाही. मी घरी दिसले नाही तर मावशींकडे जायचं. त्या घराकडे जायचं नाही, काही झालं तरी नाही. तिने विचारलं, मग खरं काय मानायचं? मी म्हटलं, माझा आवाज. आवाज ऐकलास तरच.

ती हो म्हणाली. माझ्या कुशीत शिरली नाही, मोठी झाली आहे. फक्त पाय माझ्या पायाला लावून बसली.

२५ सप्टेंबर, बुधवार

फोन टाकून द्यावा म्हणून पुलावरून नदीत फेकला. उपयोग नाही. आता तर माझ्याकडचा तेवढाही हलता फोन उरला नाही —

आता फक्त तिचाच पत्ता आहे.

हे मला फेकून झाल्यावर सुचलं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसातून निघाले. बसची पायरी चढले आणि इथे. पर्स खांद्याला होती म्हणून वही आली.

एक तास झाला. परत जात नाही.

दोन तास.

कडी बाहेरून आहे.

घाबरले. कपाटावरच्या फोनला ओरडून सांगितलं, लेकीला निरोप. आता तिचा नंबर यातही आहे, खातं एकच ना. तो म्हणाला, बोला. मी रडत ओरडले — बाळा, मी इथे आहे, जुन्या घरात, मागच्या खोलीत, ये, मला सोडव, लवकर ये —

तो म्हणाला, आपला निरोप रांगेत आहे.

मग मला कळलं मी काय केलं.

पुन्हा ओरडले. येऊ नकोस. मावशींकडे थांब. मघाचं ऐकू नकोस. येऊ नकोस. येऊ नकोस.

तो म्हणाला, आपला निरोप रांगेत आहे. क्रमांक दोन.

पहिला काढून टाक म्हटलं. विनवण्या केल्या. विलीनीकरणामुळे सेवा संथ आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.

सहाला नवरा आला. कडी काढली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ओरडेल, ओळखेल, काहीतरी —

नावाने हाक मारली आणि चहा मागितला. पिऊन म्हणाला, साखर कमी पडली आज.

त्याला फरक कळला नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तो गेला. कडी.

ती कुठे आहे, असं मी मोठ्याने विचारलं. बऱ्याच वेळाने खोलीत आवाज आला. माझाच प्रश्न होता. उत्तर मनात आधीच होतं — मीच, बाई. मीच.

अक्षर बदलतं आहे. ‘र’ असा मी काढत नाही.

मुलीचा चेहरा आठवत ठेवायचा. डाव्या भुवईत तीळ. वरचा एक दात पुढे. पाय माझ्या पायाला — तिला मूल नाही, तिला हे माहीत नाही, हे फक्त माझं. हे धरून ठेवायचं.

दुपारी कपाटावरून : पहिला निरोप पोचला. ऐकला गेला.

दुसरा रांगेत आहे.

तो आवाज माझा आहे. मीच तिला सांगितलं होतं, आवाज खरा मान.

संध्याकाळ. दुसरा रांगेत.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज तो कामावर गेलेला नाही. फाटकाशी खुर्ची टाकून बसला आहे. निरोप देताना हा फोन ऐकत होता, म्हणजे तोही —

त्याने दाढी केली आहे. धुतलेला सदरा.

दुसरा रांगेत.

पहाटेची बस दोन तासांत इथे येते. मावशींनी अडवलं असेल. अडवलंच असेल. त्या काही तिला एकटीला —

रांगेत.

गजातून बाजूचं फाटक आणि रस्ता दिसतो. कोपऱ्यावर कुणी नाही. एक सायकल गेली. कुणी नाही.

कुणीतरी

निळी शाळेची बॅग. नाही. शनिवारी बॅग कशाला, दुसरी कुणाची असेल, दुसरी कुणी —

तीच.

ओरडले. जिवाच्या आकांताने ओरडले. आवाज नाही. तोंड उघडं, घसा फाटतो आहे, आणि खोलीत काहीच नाही. पोचेल. उशिरा पोचेल —

तो उठला. हसून फाटक उघडलं. ती लांबच उभी आहे. शहाणी माझी ती. लांबच राहा. काहीतरी विचारते आहे. तो घराकडे बोट दाखवतो आहे. मागच्या खोलीकडे.

आई आत आहे, म्हणत असेल. आणि त्यात एक अक्षर खोटं नाही.

ती वर बघते आहे. माझ्याकडेच. मी मान हलवते, नाही, नाही, हात हलवते — तिला वाटतं आहे मी तिला बोलावते —

पळत येते आहे

आता खोलीत आवाज आला. माझाच, पण हा आत्ताचा नाही, हा परवाचा. ये, म्हणतो आहे, मला सोडव, लवकर ये, म्हणतो आहे, आणि जिन्यात तिची पावलं आणि त्यांच्या मागे त्याची, सावकाश, आणि ‘येऊ नकोस’ अजून